हाल्तोमाते : मेक्सिकोच्या ओक जंगलातलं काळं रानफळ, बाजारातलं कसं आणि ऑनलाइन बियांचं कसं

आधी निकाल सांगते, बाकीचं नंतर. बाजारातून घेतलेल्या फळांना पाचपैकी साडेचार. ऑनलाइन मागवलेल्या बियांना पाचपैकी एक, आणि तोही पाकीट वेळेत आलं म्हणून. बाजारातल्याच फळातून काढलेल्या बियांपासून कुंडीत केलेल्या झाडांना चार. मेक्सिको सिटीत आणि आसपास आपले मराठी लोक बरेच आहेत, दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच की तिआंगीसमध्ये, म्हणजे इथल्या आठवडी बाजारात, ती काळी चकचकीत बारकी फळं ढीग करून ठेवलेली असतात ती काय आहेत, खायची का, विषारी तर नाहीत ना. म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

तर ही हाल्तोमाते. शास्त्रीय नाव जाल्टोमाटा प्रोकम्बेन्स. टोमॅटो, वांगं, बटाटा, मिरची यांच्याच कुळातलं झाड, पण नातं कसं आहे ते मजेदार आहे. टोमॅटो, वांगं आणि बटाटा हे तिघे सोलॅनम या एकाच वंशातले, आणि डीएनएवरून बघितलं तर त्या सोलॅनम वंशाची सगळ्यात जवळची बहीण हा जाल्टोमाटा वंश. म्हणजे मिरचीपेक्षा हे फळ टोमॅटोला जास्त जवळचं. वंशात साठेक जाती आहेत, त्यातल्या बऱ्याच पेरूच्या डोंगरात, तिथल्या काहींच्या फुलात तर लाल रंगाचा मध असतो. मेक्सिकोत सगळीकडे भेटते ती ही प्रोकम्बेन्स, अमेरिकेतल्या ॲरिझोनापासून खाली मध्य अमेरिका ओलांडून दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरलेली.

मूळ जागा म्हणजे डोंगरातली ओक आणि पाइनची जंगलं. ओक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे युरोप येतो, पण जगात सगळ्यात जास्त प्रकारचे ओक मेक्सिकोत आहेत, १६० च्या आसपास जाती. त्या झाडांखाली, जिथे थोडं ऊन खाली झिरपतं, वाटेच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, पडलेल्या झाडामुळे मोकळी झालेली जागा असते तिथे हे उगवतं. दाट सावलीत नाही आणि रणरणत्या उन्हात पण नाही. जमिनीखाली जाड मूळ असतं, कोरड्या महिन्यांत वरचं सगळं वाळून जातं आणि जून उजाडून पाऊस सुरू झाला की त्याच मुळातून परत कोंब येतो.

पण बाजारात जी फळं येतात त्यातली बरीचशी जंगलातली नसतात, शेतातली असतात, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. जंगलाला लागून मक्याची शेतं असतात, मिल्पा म्हणतात, मका, घेवडा, भोपळा एकत्र. त्यात हे झाड आपलं आपण येतं. कुणी पेरत नाही. निंदणी करताना बाकीचं तण उपटतात आणि हे ठेवतात, बस, एवढंच. काही जण त्याच्याभोवतीचं गवत मुद्दाम काढतात, काही जण बिया टाकतात सुद्धा. टिल्टन डेव्हिस आणि रॉबर्ट बाय या दोन वनस्पती अभ्यासकांनी १९८२ मध्ये मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या हाल्तोमातेवर लिहिलं होतं, त्यांचं म्हणणं हेच की रानटी, मग चालवून घेतलेलं, मग जपलेलं, मग लावलेलं अशा सगळ्या पायऱ्या या एकाच झाडात आजही शेजारी शेजारी बघायला मिळतात. उत्तरेला चिवावा राज्यात रारामुरी लोक आहेत, लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी जगभर ओळखले जातात ते, त्यांच्या मक्याच्या शेतातही हे झाड असंच राखलेलं असतं. टोमॅटो, मका हे सगळं माणसाने कसं माणसाळवलं असेल असा प्रश्न पडतो ना, तर त्याचं उत्तर इथे चालू स्थितीत बघायला मिळतं, कुणीतरी निंदताना हात आखडता घेतला म्हणून एक झाड राहिलं आणि त्याची फळं आपल्या पिशवीत आली.

आता खरेदी. मी घेते ती ओझुम्बाच्या बाजारातून. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या पायथ्याचं गाव, मेक्सिको सिटीच्या आग्नेयेला, आणि मोठा बाजार मंगळवारी भरतो. हो मंगळवारी, म्हणजे नोकरीवाल्यांना सुट्टी टाकावी लागते, पण एकदा तरी टाका. टापो बसस्थानकावरून आमेकामेका मार्गे बस मिळते, गाडी असेल तर चाल्को करत ११५ नंबरचा रस्ता. सकाळी लवकर पोचा कारण रानातल्या गोष्टी विकणाऱ्या बायका मुख्य गाळ्यांमध्ये बसत नाहीत, त्या कडेला जमिनीवर फडकं अंथरून बसतात आणि माल संपला की उठून जातात, दुपारी गेलात तर फडकंही दिसणार नाही. रानभाज्या, भुईछत्र्या, औषधी मुळ्या, चहात टाकायचा पाला असं सगळं त्यांच्याकडे असतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ धरा, पाऊस कसा झालाय त्यावर थोडं मागेपुढे.

विचारताना एक काळजी घ्या, घाईत बोललात तर समोरची हितोमाते ऐकते आणि लाल टोमॅटोकडे बोट दाखवते, त्यामुळे सावकाश, ह वर जोर देऊन हाल्तोमाते म्हणायचं. आणि दुसरं म्हणजे याच बाजारात कापुलिन नावाची काळी रानचेरी पण मिळते, तिचा हंगाम थोडा आधी सुरू होतो, लांबून ढीग सेम दिसतो. फरक सोपा आहे, कापुलिनमध्ये एक टणक बी असते आणि हाल्तोमातेमध्ये टोमॅटोसारख्या असंख्य बारीक चपट्या बिया असतात.

मी ज्यांच्याकडून घेते त्या सेन्योरा डोंगराच्या बाजूच्या वाडीतून येतात. पहिल्यांदा मी नुसतीच वाकून बघत होते तर त्यांनी हाक मारली, "पासेले, मार्चान्ता, प्रुएबेला", या बाई, चव घ्या, आणि ढिगातून एक फळ उचलून, देठाची हिरवी चांदणी नखाने काढून माझ्या हातावर ठेवलं. इथे बाजारात चव बघायला देतात ती पद्धत मला फार आवडते, त्यात उपकार नसतो आणि घेतलंच पाहिजे असं दडपणही नसतं. मी विचारलं लावता का हे शेतात, तर म्हणाल्या लावायचं कशाला, येतं ते, फक्त पोरांना सांगावं लागतं की मक्यात शिरून सगळं खाऊ नका, थोडं बाजारासाठी राहू द्या.

एक ढीग, इथे मोन्तोन म्हणतात, मला २० पेसोला मिळाला, साधारण वाटीभर. भावात घासाघीस करू नका प्लीज, ती एकेक फळ वेचून आणलेली असतात, एका झाडावर एकदम सगळी पिकत नाहीत त्यामुळे परत परत जाऊन तोडावी लागतात, त्या मानाने २० पेसो म्हणजे काहीच नाही.

चव. लोक सरसकट गोड टोमॅटो म्हणतात पण मला ते पटत नाही. दाताखाली फुटलं की पहिल्यांदा येतो तो काळ्या द्राक्षाच्या सालीचा गोडवा, मग मागून हलकासा हिरवा टोमॅटोचा वास, आणि शेवटी अगदी थोडा तुरटपणा जिभेच्या कडेला. आंबटपणा फार कमी. साल पातळ, गर जांभळट आणि पाणीदार, बिया इतक्या बारीक की चावल्यासारख्या वाटतात पण अडकत नाहीत. आकार करवंदाच्या आसपास किंवा थोडं लहान. बोटं जांभळी होतात, पांढरा कुर्ता घालून बसू नका. पूर्ण पिकलेलं आणि अर्धवट पिकलेलं यात जमीन अस्मानाचा फरक आहे, जांभळट काळं पण अजून कडक असलेलं फळ पाणचट लागतं, तेच दोन दिवसांनी झाडावर मऊ झालेलं असेल तर मधासारखं. म्हणून ढिगातलं एक दाबून बघा, किंचित दबलं पाहिजे.

अर्धा मार्क कशाला कापला तर टिकत नाही म्हणून. हे प्रवासाचं फळच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत टाकून बसने घरी आणलं तर निम्म्याचा रस झालेला असतो, कडक डबा न्या, खाली कागद टाका, आणि त्याच दिवशी खा. फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी साल सुरकुतते आणि तो द्राक्षासारखा वास निघून जातो. सुपरमार्केटमध्ये हे का दिसत नाही याचं कारण एवढंच आहे, फळात काही कमी नाही. शिजवून पण बघितलं, थोडी साखर घालून जॅमसारखं, रंग सुंदर आला पण चव सगळी उडून नुसतं गोड उरलं, त्यामुळे शिजवण्यात घालवू नका, पिकलेलं फळ न शिजवताच खा, तसंच मूठभर तोंडात टाका.

आता तो विषारी आहे का हा प्रश्न, कारण आपल्याकडच्या आयांना या कुळाची भीती असते आणि ती चुकीची पण नाही. पिकलेली हाल्तोमाते इथे फार जुन्या काळापासून खातात, सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागुन या पाद्रीने इथल्या मूळच्या नाहुआ लोकांकडून जे ज्ञान लिहून घेतलं त्यात सुद्धा या फळाची नोंद आहे. पण हिरवी कच्ची फळं खाऊ नका, कुळाचा एकूण स्वभाव बघता तो धोका घेण्यात अर्थ नाही, आणि पानांचे प्रयोग तर अजिबात नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे वाचून कुणी युरोपातल्या ओकच्या जंगलात फिरताना काळं चकचकीत फळ दिसलं म्हणून तोंडात टाकू नका, तिथे बेलाडोना असतो, तो प्राणघातक आहे आणि फळ दिसायला खरंच याच्यासारखं आहे, काळं, चमकदार, खाली पाच टोकांची हिरवी चांदणी पसरलेली. साम्य इतकं की कावानीयेस या स्पॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञाने हाल्तोमातेला पहिलं शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्याला बेलाडोनाच्याच वंशात बसवलं होतं, ॲट्रोपा प्रोकम्बेन्स म्हणून, आत्ताचं नाव विसाव्या शतकात मिळालं. फरक बघायचा तर फुलात आणि घोसात बघा. बेलाडोनाचं फूल लोंबणाऱ्या घंटेसारखं, मळकट जांभळं, आणि फळ एका ठिकाणी एकच. हाल्तोमातेचं फूल सपाट पसरलेलं, हिरवट पांढरं, आणि एकाच बिंदूपासून तीन चार पाच देठ फुटून त्याला फळं लटकतात. तरी सुद्धा माझा सल्ला एकच, रानात स्वतः ओळखून खाण्यापेक्षा ज्यांचं हे रोजचं आहे त्यांच्याकडून विकत घ्या. आणि इस्ता-पोपो राष्ट्रीय उद्यानात फिरायला गेलात तर तिथलं काहीही तोडू नका.

आता बियांची गोष्ट. ओझुम्बाला दरवेळी जाणं होत नाही म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून हाल्तोमातेच्या बिया मागवल्या होत्या. नाव लिहीत नाही, कारण असे बरेच आहेत आणि प्रॉब्लेम एकट्याचा नाही. पाकिटावर फोटो बरोबर, नाव बरोबर, बिया उगवल्या पण छान, रोपं भराभर वाढली. फुलं आली आणि कळलं की हे ते नाहीच. पांढरी, बारीक, पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधोमध पिवळे परागकोश एकमेकांना चिकटून निमुळतं टोक केलेलं. हे सोलॅनमचं फूल, टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या फुलात बघाल तर तसंच दिसेल. हाल्तोमातेचं फूल असं नसतंच. त्यात पाकळ्या जोडून सपाट चकती झालेली असते, मधोमध हिरवे ठिपके असतात, आणि परागकोश सुटे सुटे, लांब तंतूंवर, एकमेकांपासून लांब उभे. त्या पाकिटात कुठलीतरी काळ्या फळांची सोलॅनम होती, बहुतेक बागेत लावतात ती गार्डन हकलबेरी, जी कच्ची खाल्ली तर कडवट लागते. विक्रेत्याला फोटो पाठवले, त्याचं उत्तर आलं की दोन्ही एकच आहेत. नाही हो, एक नाहीत! खाण्याच्या वस्तूत दुसरंच झाड विकणं ही छोटी गोष्ट नाही, या कुळात तर नाहीच नाही. म्हणून फूल येईपर्यंत थांबा, फूल बघून खात्री करा आणि मगच फळ खा, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

त्यापेक्षा सोपं म्हणजे बाजारातलं पिकलेलं फळ घ्या, वाटीत चुरडा, पाणी घाला, गर वर येतो आणि बिया खाली बसतात. दोनतीनदा धुऊन कागदावर सावलीत सुकवा. टोमॅटोच्या बिया काढतो तसंच, काही वेगळं नाही. मी मेमध्ये पेरल्या, बारीक असतात म्हणून वरून अगदी पातळ मातीचा थर. उगवायला वेळ लावतात, धीर सोडू नका. कुंडी खोल घ्या, मूळ जाड होतं त्याला जागा लागते. माती आम्ही बागेतली साधी वापरली, त्यात पालापाचोळ्याचं खत. शेणखत किंवा जास्त नायट्रोजन दिला तर नुसती पानंच पानं. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी गॅलरी असेल तर उत्तम, शेवटी ओकच्या झाडाखालचं झाड आहे ते. मेक्सिको सिटीची उंची २,२४० मीटर, त्यामुळे हवा त्याला घरच्यासारखी मिळते, खाली किनाऱ्यावर वेराक्रूझ वगैरे ठिकाणी राहणाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नका.

झाड दिसायला फार मोठं होत नाही, फांद्या आडव्या पसरतात, काठीचा आधार दिला तर नीट राहतं. मला सगळ्यात जास्त आनंद फुलांनी दिला खरं तर. फूल उमलतं तेव्हा आधी त्याचा स्त्रीकेसर तयार असतो, परागकोश अजून बंद, म्हणजे पहिल्या दिवशी ते फक्त पराग घेऊ शकतं. पुढे तंतू लांब होतात आणि परागकोश फुटतात. रोज सकाळी चहा घेऊन कुंडीपाशी उभं राहिलं की कुठलं फूल कालचं आणि कुठलं आजचं ते तंतूंच्या लांबीवरून ओळखता येतं. तळाशी मधाचे थेंब चमकतात, आमच्या गॅलरीत बारक्या माश्या येतात त्यासाठी. आणि एकच झाड असलं तरी फळ धरतं, दोन कुंड्या हव्यातच असं नाही. फळ धरलं की खालची हिरवी चांदणी पण वाढते. इथल्या तोमातिल्लोत, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या हिरव्या फळभाजीत, ती फळाला कागदी पिशवीसारखी गुंडाळून घेते, यात मात्र पूर्ण उघडी पसरते आणि फळ तिच्यावर बसतं. आधी हिरवं, मग मळकं जांभळं, मग एकदम काळं. काळं झालं की लगेच तोडू नका, अजून थोडे दिवस राहू द्या, हात लावल्यावर आपसूक सुटलं की समजा तयार.

कुंडीतल्या फळांना चारच मार्क दिलेत कारण बाजारातल्यापेक्षा गोडी थोडी कमी वाटते आणि फळं पण बारीक. नवऱ्याचं म्हणणं तसं काही नाही, दोन्ही सारखीच लागतात. मला वाटतं शेतातल्या झाडांमध्ये वर्षानुवर्षं चांगलीच झाडं राखली गेलीत आणि मिल्पातल्या मातीची बरोबरी कुंडी करू शकत नाही.

बऱ्याच जणींनी विचारलं की येताना भारतात बिया आण. सॉरी, नाही आणणार. परवान्याशिवाय बिया नेणं प्लांट क्वारंटाइनच्या नियमात बसत नाही, आणि पक्षी ज्याच्या बिया पसरवू शकतात असं परकं झाड आपल्या घाटात सोडायची मला तरी हिंमत नाही. इथे या तेव्हा खायला घालते, पोटभर.

थंडीत पानं पिवळी पडून झाड मेल्यासारखं दिसेल तेव्हा कुंडी रिकामी करू नका. पाणी जवळजवळ बंद करा, कोपऱ्यात ठेवून द्या. माझ्या एका शेजारणीने वाळलं म्हणून माती दुसऱ्या कुंडीत टाकली आणि पुढच्या जूनमध्ये तिच्या कोथिंबिरीतून हाल्तोमाते वर आलं, आता ती कोथिंबीर दुसरीकडे लावते. ऑनलाइनवाल्याच्या पाकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत, मिळाले तर इथेच खाली लिहीन. सप्टेंबरच्या एखाद्या मंगळवारी ओझुम्बाला जाणार असाल तर डबा कडक घ्या, सुट्टे पेसो ठेवा आणि आधी कडेच्या फडक्यांवरून फिरा, भाजीचे गाळे नंतर.